सुकीच्या पात्रातली जीप

लीलाधरने पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर देणारा दांडा ओढला, गिअर टाकला आणि जीपचं नाक खाली करून ती सुकी नदीच्या पात्रात उतरवली.

"घट्ट धरा रे!" तो ओरडला.

मागच्या बाकावर आठ वर्षांच्या चारूने डाव्या हाताने धाकट्या हेमूला पोटाशी आवळून धरलं आणि उजव्या हाताने बाकाची कड पकडली. पुढे कुंदा मांडीवर जेवणाची पिशवी घेऊन बसली होती. तिने डोळे मिटून घेतले.

जानेवारी होता. पाणी जेमतेम घोटाभर, पण तळाला कलिंगडाएवढाले गोटे होते. जीप एकेका गोट्यावर चढत होती, उतरत होती. पात्राच्या मध्यावर डावं चाक एका मोठ्या दगडावर चढलं, क्षणभर थांबलं आणि धाडकन खाली आलं. जीप इतकी कलंडली की कुंदाच्या मांडीवरची पिशवी दारातून बाहेर जाता जाता वाचली. मागे काहीतरी दणकन आदळलं. लीलाधरने वळून पाहिलं नाही. त्याची नजर पलीकडच्या काठावर होती. इंजिन कण्हलं, चाकांनी वाळू उडवली आणि जीप काठावर चढून सागाच्या झाडांत उभी राहिली.

त्याने इंजिन बंद केलं आणि हसत मागे पाहिलं. मागे चारूच्या समोरच्या बाकावरची हत्यारांची लोखंडी पेटी खाली पडून उलटली होती, पाने आणि नटबोल्ट सगळीकडे विखुरले होते. पेटी दोरीने बांधा, असं कुंदा सकाळीच म्हणाली होती. एवढी जड पेटी कुठे हलते, असं तो म्हणाला होता.

चारू तशीच बसली होती. हेमू तिच्या मांडीवर होता आणि टाळ्या पिटत होता. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काय गं, घाबरलीस?"

"नाही, पप्पा."

"लागलं का कुठं?" कुंदाने विचारलं.

चारूने नकारार्थी मान हलवली.

"शाब्बास!" लीलाधरने हात लांबवून तिचा गाल थोपटला. "पाहिलंस कुंदा? मी म्हटलं नव्हतं, होईल ती धीट म्हणून?"

लीलाधर वरणगावच्या फॅक्टरीत मशीनवर होता. लष्कराच्या लिलावातली ही जुनी जीप त्याने घेतली, तेव्हा कॉलनीतले लोक हसले होते. वर्षभर रोज संध्याकाळी क्वार्टरपुढे अंगाला ग्रीस फासून घेत त्याने ती उभी केली. आता सुट्टीच्या दिवशी तो बायकोमुलांना घेऊन सातपुड्यात जायचा. डांबरी रस्ता संपला की त्याचा चेहरा बदलायचा, उजळायचा.

लहानपणी तो स्वतः फार भित्रा होता. पाण्याला भ्यायचा, बैलाला भ्यायचा. रावेरजवळच्या त्यांच्या गावाहून वडील आणि थोरले भाऊ गाडी जुंपून डोंगरात जायचे, तेव्हा त्याला बायकांजवळ ठेवून जायचे. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो ओट्यावर उभा राहायचा. आपल्या पोरांवर तशी पाळी यायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या फेरीत एका चढावर जीप तिरपी झाली आणि चारू रडायला लागली. थांबेचना. त्याने गाडी माघारी वळवली. रागावला नाही. फक्त घरी आल्यावर जीपवर ताडपत्री ओढताना म्हणाला, "रडायचं असलं तर पुढच्या वेळी तू आईजवळ थांब. मी हेमूला नेईन." बोलला आणि आंघोळीला गेला, अंगावर पाणी घेईपर्यंत विसरलाही.

चारू विसरली नव्हती. त्यानंतर कितीदा तरी कुंदाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. शाळेतून आल्यावर पोरगी ताडपत्रीखाली शिरून, उभ्या जीपमध्ये एकटीच बसलेली असायची. खेळते आहे, असं कुंदाला वाटायचं.

सागाच्या बनात थोडं पुढे, एका सपाट खडकावर त्यांनी जेवण मांडलं. कुंदाने पहाटे उठून भरीत केलं होतं, पुऱ्या तळल्या होत्या. कांद्याची पात होती. लीलाधर भुकेला होता आणि खुशीत होता. नदी कशी पार केली, चाक कुठे घसरलं, त्याने स्टिअरिंग कसं सोडलं आणि कसं धरलं, हे तो हेमूला हातवारे करून सांगत होता.

चारू स्वेटर घालूनच बसली होती. ऊन चढलं होतं तरी तिने तो काढला नाही. उजवा हात बाहीत आत ओढून मांडीवर ठेवला होता आणि डाव्या हाताने ती पुरी तोडत होती.

"हे काय?" लीलाधरचं लक्ष गेलं. "डाव्या हातानं काय खाऊ राहिली? उजवा कुठं गेला?"

चारूने पुरी ताटलीत ठेवली.

"पाहुण्यारावळ्यांत असंच खाशील का? उजव्या हातानं खा."

"मला भूक नाही, पप्पा."

"लाड करू नको."

"राहू द्या ना," कुंदा म्हणाली. हेमूने भरिताचा हात तिच्या साडीला पुसला होता आणि ती तो डाग पाण्याने चोळत होती. "गाडीत मळमळलं असेल तिला."

चारूने उजवा हात बाहीतून बोटांपुरता बाहेर काढला. पुरीचा तुकडा बोटांत धरला, तोंडापर्यंत नेला, चावला. पुन्हा एक. लीलाधरने समाधानाने मान हलवली आणि पातीची काडी मोडली. चारू तिसऱ्या घासाला उठली आणि झाडामागे गेली. तिथे तिला उलटी झाली. कुंदाने तिची पाठ चोळली, चूळ भरायला लावली. पोरीचे डोळे भरून आले होते, पण उलटी झाली की येतातच.

परतताना ते नदीत उतरले नाहीत. पाल गावाकडून लांबचा पण धड रस्ता होता. कुंदाने हट्टच धरला आणि लीलाधरने ऐकलं. दुपार कलता कलता ते त्याच्या गावी, केळीच्या मळ्यातल्या घरी पोहोचले. त्याची आई, यशोदाबाई, अंगणातच होती. तिने हेमूला कडेवर घेतलं आणि धुळीने माखलेल्या चारूकडे पाहून हसली.

"काय व माय, लोळली का काय मातीत? चाल, हातपाय धुऊ."

लीलाधर विहिरीवर गेला. तोंडावर पाणी मारत असताना त्याला आईची हाक ऐकू आली. ती ओरडली नव्हती. उलट आवाज फार खाली आला होता, म्हणूनच तो धावला.

न्हाणीच्या दगडावर चारू उभी होती. स्वेटरची डावी बाही निघाली होती. उजवी निघत नव्हती. यशोदाबाईंनी ती कोपरापासून हलक्या हाताने खाली सरकवायचा प्रयत्न केला आणि त्या थांबल्या.

"कातर आन, कुंदा."

कुंदाने बाही उभी कापली. मनगट मनगटासारखं राहिलं नव्हतं. सुजून काळंनिळं झालं होतं आणि जिथे सरळ असायला हवं तिथे वाकलं होतं.

"कव्हा लागलं तुले?" यशोदाबाईंनी विचारलं.

चारूने हात पाठीमागे घ्यायला पाहिलं.

"सांग ना माय. कव्हा लागलं?"

"नदीत," चारू म्हणाली. "पेटी पडली."

कुंदाने कातर खाली ठेवली. तिने लीलाधरकडे पाहिलंसुद्धा नाही. तो कापलेली बाही हातात घेऊन उभा होता. बाहीच्या टोकाला, बोटं धरत होती तिथे, भरिताचं तेल लागलं होतं.

ते लगेच भुसावळला निघाले. यशोदाबाईंनी लुगड्याचा तुकडा फाडून हात गळ्यात बांधून दिला होता. चारू पुढे, आईच्या मांडीवर होती. लीलाधर इतका हळू चालवत होता की केळी भरलेले ट्रक हॉर्न देत त्याला मागे टाकत होते. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याला दुरून दिसत होता. तरी एखादा चुकायचा, जीप हलायची, आणि तो चारूच्या चेहऱ्याकडे पाहायचा. ती समोर काचेतून रस्ता पाहत होती.

"फार दुखतंय का गं?" एकदा त्याने विचारलं.

"थोडंच."

"नदी ओलांडल्यावर का नाही सांगितलंस? मी तिथूनच वळलो असतो."

तिने गळ्यातल्या लुगड्याच्या तुकड्याची गाठ डाव्या हाताने चाचपली. काही अंतर गेल्यावर कुंदा दारातून बाहेर बघत म्हणाली, "तुम्ही वळला असता, हे तिलाही माहीत होतं."

भुसावळात हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडा होता. फोटो काढला. डॉक्टर वयस्कर होते, शांत होते. फोटो उजेडासमोर धरून त्यांनी दोन ठिकाणी बोट टेकवलं आणि मग चारूला टेबलावर बसवलं. कुंदा हेमूला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. आत यायचा तिला धीर झाला नाही. लीलाधर टेबलाजवळ उभा राहिला.

"प्लास्टर घालायच्या आधी हाड बसवावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन देतो. आधी जरा बघू दे मला. बेटा, मी दाबतो. दुखलं की सांगायचं."

त्यांनी अंगठा टेकवला.

"इथं दुखतं?"

चारूने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. तिने वडिलांकडे पाहिलं.

"नाही."

"आणि इथं?"

तिच्या कपाळावर घाम फुटला होता. डोळे पुन्हा लीलाधरच्या चेहऱ्यावर आले आणि तिथेच थांबले.

"नाही."

"चारू," लीलाधर म्हणाला. "दुखत असलं तर सांग. मी काही म्हणणार नाही. रड, बेटा."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग थोडंसं हसली.

"नाही दुखत, पप्पा."

डॉक्टरांनी हात उचलला. चष्म्यावरून आधी पोरीकडे आणि मग लीलाधरकडे पाहिलं.

"तुम्ही जरा बाहेर थांबता का?" ते म्हणाले. "आणि हिच्या आईला आत पाठवा."

तो बाहेर आला. कुंदाने हेमूला त्याच्याकडे दिलं, पदराने तोंड पुसलं आणि आत गेली. दार लागलं. हेमू दमला होता. तो वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगायला लागला.

बराच वेळ आतून फक्त डॉक्टरांचं हळू बोलणं ऐकू येत होतं. मग चारू रडली. आधी एकच आवाज आला, आणि मग दिवसभराचं सगळं एकदम आलं, गळा मोकळा सोडून, श्वास न घेता, आईला हाका मारत. बाकावरचे लोक दाराकडे पाहायला लागले.

लीलाधर उठला. दारापर्यंत गेला, दाराच्या फळीवर तळवा टेकवला. दार नुसतंच लोटलेलं होतं, त्याच्या हाताखाली ते किंचित सरकलं.

तो आत गेला असता, तर तिचं रडणं थांबलं असतं.

त्याने हात मागे घेतला आणि हेमूला खांद्यावर सावरत तो तिथेच, दाराबाहेर उभा राहिला.