आबांचा एकच शब्द

आबांच्या, म्हणजे आकाराम हवालदारांच्या, अंगावरनं वारं गेलं ते सगळे शब्द घेऊनच गेलं. मागं एकच राहिला, 'भाडकाव'. चहा पाहिजे? भाडकाव. गोड झालाय? भाडकाव. गुरव अंगारा लावायला आले, त्यांनाही तेच. त्यांनी अंगारा अर्ध्या कपाळावरच आवरता घेतला.

नववीतल्या मनूला, म्हणजे नातीला, हसू आवरायचं नाही. पण आजी, बनुबाई, हसायची नाही. सारा जन्म म्हातारा दारातनं "अगं ए!" अशी हाळी द्यायचा, निम्म्या उंब्रजला ऐकू जायची. आता बायकोलाही भाडकाव!

"मला बाकी काय नको," बनुबाई म्हणायची, "येकदा 'अगं ए' म्हणू दे."

बोलायला परत शिकवणारे दोन. सांगलीत खाजगी, साताऱ्यात सरकारी. फौजेच्या पेन्शनरला सरकारी फुकट.

"फुकट म्हंजे व्हरांड्यात, समद्या तालुक्यापुढं," आबांचे चिरंजीव लालासाहेब म्हणाले. "आबा शिव्या देणार आन् आब्रू माझी जाणार. सांगलीत बंद खोली हाय."

"आवं काका, आब्रू खोलीत मावंल का पण?" मनू म्हणाली आणि धपाटा खाऊन मोकळी झाली.

सांगलीत खुर्चीला गादी, खिडकीला पडदा.

"आजी, पेशंटचं नाव?" डॉक्टरांनी विचारलं.

बनुबाईनं पदर तोंडात धरला. नवऱ्याचं नाव, तेही परक्यापुढं! परत विचारलं. परत गप्प.

डॉक्टर लालासाहेबांच्या कानाशी लागले, "यांचीही वाचा गेलीय का?"

मग त्यांनी आबांना विचारलं, "या कोण? नाव सांगा." धडधाकट असतानाही जे नाव आबांच्या तोंडातनं कधी निघालं नव्हतं! त्यांनी छताकडं बघितलं. "भाडकाव."

"बायकोचं नावही विसरलेत. अवघड आहे. आजींना बाहेर बसवा."

आजी दर खेपेला बाहेर. आत आबा सारखे दाराकडं बघायचे. रानातला ऊस पुरुषभर वाढला, आबांचा शब्द काही वाढला नाही.

"लाला, गादी लय झाली," एक दिवस आजी म्हणाली. "मी ह्यास्नी साताऱ्याला न्हेते."

साताऱ्यात बाकावर माणसावर माणूस. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, म्हणा, पाणी."

"भाडकाव!"

"बरुबर बोलला गड्या," शेजारचा म्हणाला, "नळच बंद हाय!" सगळा व्हरांडा हसला. लालासाहेबांनी टोपी नाकापर्यंत ओढली.

पाण्याचं नाव निघालंच, तशी आजी तांब्या घेऊन बाहेर निघाली. तिचं हिरवं लुगडं गर्दीत दिसेनासं झालं. आबांची मान ताणली. हात बाकावर आपटला. ओठ नुसतेच हलले. बरोबर आलेली मनू पहिल्यांदाच हसायचं विसरली.

"अ... अगं ए!"

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला.

"अगं ए, भाडकाव!"

आजी माणसं ढकलत, पाणी सांडत परत आली. तिचा चेहरा नव्या नवरीसारखा लाल झाला होता.

"आले की! वरडताय कशापायी?" मग ती लालासाहेबांकडं वळली. "निम्मं आलं बघ. ऱ्हायलेलं निम्मं, ती शिवी, हितंच सोडून जाऊ. लाला, आमचा बाक आता हाच."