दुपारचे दोन मोजे

"तीन पुरेत," नोएमी म्हणाली.

"चार घालतो. रांगेत उभं राहायचंय."

"पाय तुझा असेल, अंदाज माझा आहे. तीन."

वेन्डेलने तीन मोजे चढवले आणि गुडघ्याखाली उरलेला पाय कृत्रिम पायाच्या खोबणीत बसवला. उरलेला पाय दिवसभरात आक्रसतो, खोबणी सैल होते. मग मोज्यांचे थर वाढवावे लागतात. कधी आणि किती, हे अकरा वर्षांत त्याला जमलं नव्हतं. नोएमीला त्याच्या चालण्याच्या आवाजावरून कळायचं. दुपारचे दोन मोजे तिच्या पर्समध्ये असत.

नोएमीची इमिग्रेशन कचेरीतली वार्षिक हजेरी साडेनऊची होती. ते नऊलाच पोचले. फौज सुटली तरी अर्धा तास आधी पोचायची त्याची सवय सुटली नव्हती.

नोएमी गाडीतून उतरेना. "वकीलबाई म्हणाल्या होत्या, हल्ली हजेरीलाच पकडतात, पुढची तारीख मागू."

"नऊ वर्षं दरवर्षी येतोय. दडून बसायला तू काय चोर आहेस?"

"चोर असते तर बरं झालं असतं. चोराला निदान न्यायाधीशासमोर तरी उभं करतात."

नोएमी सात वर्षांची असताना तिची आई होंडुरासहून तिला घेऊन टेक्सासला आली आणि कोर्टाची एक तारीख चुकली. तेव्हा निघालेला हद्दपारीचा हुकूम अजून जिवंत होता. सैनिकांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या सवलतीसाठी वेन्डेलने केलेला अर्ज सव्वीस महिने पडून होता.

आत तिला एका दारामागे नेलं. तासाभराने वेन्डेल तिसऱ्यांदा खिडकीशी गेला.

"आमचा अर्ज चालू आहे ना?"

"तो विभाग वेगळा," खिडकीमागचा अधिकारी म्हणाला.

"मग त्यांना विचारा."

"आम्हाला विचारता येत नाही. तुम्ही पत्र लिहा."

"चार लिहिली."

"मग उत्तराची वाट बघा."

"माझी बायको कुठंय?"

"ताब्यात घेतलंय. हुकूम आहे."

"अहो, मी स्वतः घेऊन आलोय तिला. वेळेच्या आधी."

"हो, तशी नोंद केली आहे." अधिकाऱ्याने त्याच्या पलटणीच्या टोपीकडे पाहिलं. "तुमच्या सेवेबद्दल आभार, सार्जंट."

"आभारी आहे," वेन्डेलच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग स्वतःचाच इतका राग आला, की कानशिलं तापली.

तिच्या वस्तू त्याला पारदर्शक पिशवीत मिळाल्या: बुटांच्या नाड्या, अंगठी, केसांच्या पिना, पर्स. सही कुठे करायची ते दाखवायला एक माणूस होता. तिला कुठे नेणार, हे सांगायला कोणी नव्हतं.

गाडीपर्यंत जाताना पाय खोबणीत डुगडुगू लागला. दार उघडं ठेवून तो सीटवर बसला. पर्समध्ये दोन्ही मोजे गुंडाळून, रबर लावून ठेवलेले होते. त्याने एक चढवला. सैल वाटलं. दुसराही चढवला, तर पाय आत जाईना. एक काढला.

तो उभा राहिला आणि गाडीभोवती चार पावलं चालला. मग थांबून पुन्हा चार पावलं, कान देऊन. आवाजावरून त्याला काहीच कळेना.