तपासणीच्या दिवशीचे बाबा

"हात घाला बाहीत, बाबा. अहो, तो माझा हात आहे!"

बाबा खुदकन हसले. अर्धांगवायूने उजवी बाजू लुळी पडली होती, थट्टेखोरपणा मात्र शाबूत होता. चिमणीने त्यांना आंघोळ घातली, दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला. पंचेचाळिशीच्या बाईला चिमणी म्हणणारं माणूस आता हे एकच उरलं होतं.

आज सरकारी कचेरीतून तपासणीला बाई येणार होत्या. घरी आईबापांचं करणाऱ्यांना दरमहा भत्ता आणि दिवसा सांभाळायला मदतनीस मिळते, असं शेजारणीने सांगितलं होतं. मदतनीस मिळाली तर चिमणीला चष्म्याच्या दुकानात परत जाता येणार होतं. काचा घासायच्या यंत्रावरची तिची जागा मालकाने कशीबशी राखून ठेवली होती, पण आता त्याचाही धीर सुटत चालला होता.

"विचारतील ते खरं सांगायचं हं. लाजायचं नाही."

"अगं, किती पढवशील? सांगतो म्हटलं ना."

बाई आल्या आणि बघतच राहिल्या. घर लख्ख, म्हातारा टापटीप, चादरीला सुरकुती नाही. पाहुणं यायचं म्हणजे घर आवरायचं, एवढंच चिमणीला ठाऊक. आपल्या राबण्याच्या खुणा आपणच पुसून टाकल्या, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"आजोबा, आंघोळ कोण घालतं?"

"माझी मीच करतो की!"

चिमणीला वाटलं, गंमत करताहेत.

"आणि उठता येतं?"

बाबांनी खिडकीजवळच्या टेबलाची कड डाव्या हाताने धरली, दात आवळले आणि चक्क उभे राहिले. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं.

"बाबा, काय हे? बाई, रोज मी यांना..."

"तिचं मनावर घेऊ नका," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "लग्न मोडलं, तेव्हापासून इथेच असते. खरं तर मीच सांभाळतोय तिला."

लोक असं बोलायचेच, त्याचं चिमणीला काही वाटत नसे. पण ज्याचं सगळं केलं, त्यानेच परक्या बाईसमोर असं तोंडघशी पाडावं?

"मदत गरजूंसाठी असते, ताई," बाई जरा कीव येऊन म्हणाल्या आणि चपला घालून जिना उतरल्या.

बाबा अजून उभेच होते. पाय लटलटत होते.

"चिमणे, धर गं. बसता येत नाहीये."

ती जागची हलली नाही. "का असं बोललात?"

"मग काय सांगू? पोरगी माझं ढुंगण धुते म्हणून?"

"आणि मी तुमच्या जिवावर जगते, हे सांगितलेलं चालतं?"

बाबा खिडकीतून खाली बघत होते. रस्त्यावर बाई थांबल्या होत्या. त्यांनी वर पाहून हात हलवला. बाबांनीही धड असलेला एकुलता एक हात टेबलावरून उचलला आणि हलवला.

गुडघे दुमडले, तशी चिमणी धावली. खाली बसून तिने त्यांचे पाय दोन्ही हातांनी कवटाळले, खांदा कमरेला लावला. बाई हसल्या असाव्यात, कारण बाबा वर हसत होते, ताठ, कडक इस्त्रीत. खिडकीखालची चिमणी रस्त्यावरून दिसत नव्हती. तिला रडू फुटलं होतं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.