चौथा कोंब

दादाने वाफ्यातल्या चौथ्या कोंबाकडे हात नेला, आणि धाकटीने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

"कुत्रे, सोड!" म्हणत त्याने तिच्या कानशिलात अशी लगावली की ती कुंड्यांच्या रांगेवर जाऊन आदळली. कुंड्या फुटल्या, ओठ फुटला. तरी ती उठलीच.

भांडण होतं बोटभर कोंबासाठी. रोपवाटिकेतली गोड संत्री मूळकुजीने धडाधड मरत होती. रानटी काटेरी संत्र्याला ती बाधत नसे. तीन बहर धाकटी चिमट्याने गोड कळ्या उघडत होती, आतले पुंकेसर खुडून रानटीचे पराग लावत होती, वर कागदी पिशव्या बांधत होती. चारशे कळ्यांत एक फळ टिकलं, फळात भरलेलं बी एकच. त्या एका बीमधून चार कोंब आले. तिघे गुबगुबीत. चौथा दोऱ्यासारखा, मान वाकडी.

संत्र्याचं असंच असतं. एका बीत परागाने झालेला गर्भ एकच. बाकीचे आईच्याच मांसातून फुटतात, आईची हुबेहूब नक्कल. फुकटचे धटिंगण! बीमधली शिदोरी तेच ओरपतात आणि खऱ्या लेकराला कोपऱ्यात चेपतात.

दादा वडिलांच्या शिस्तीचा. विरळणीच्या दिवशी धडधाकट रोप ठेवायचं, मरतुकडं उपटायचं. कलमं ज्यांवर बांधायची ते खुंट एकसारखे हवेत, म्हणून ती शिस्त खरीही होती. आज विरळणीचा दिवस होता.

"उद्या पान उघडेल रे! आईचं पान अखंड, बापाचं, त्या रानटीचं, तीन बोटांचं. तेवढं बघ, मग मार मला."

"मारायला उद्या कशाला?" त्याने तिला कोपराने ढकललं. "अगं टाचणे, याला स्वतःची मान धरता येईना, हा तुझी बाग धरणार?"

खस्सकन कोंब उपटला.

कलमाचा चाकू धाकटीच्या हातात कधी आला, तिलाच कळलं नाही. दादाचा तळवा अंगठ्याखाली उभा चिरला. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या वेणीला पकडून डोकं फळीवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा हात वरच राहिला.

चिरलेली मूठ उघडली होती. रक्तात कोंब पडला होता, मूळ तुटलेलं. चेंगरून शेंड्याची घडी उकलली होती. आत नखाएवढं पान. तीन बोटांचं.

"मारलंस," धाकटी म्हणाली.

"गप. चाकू दे."

तिने मूठ आणखी आवळली.

"शेंडा ओला आहे अजून. दे म्हणतो ना!"

तिने चाकू पुढे केला. तळव्याला फडकं गुंडाळून त्याने सगळ्यांत जाडजूड कोंब निवडला आणि एका झटक्यात त्याचं मुंडकं उडवलं. बुंध्याला चीर दिली. तीन बोटांचा शेंडा पाचरीसारखा तासून चिरेत बसवला. मातीवर रक्त ठिबकत होतं.

"धर. आवळू नकोस. तान्ह्याची मान धरतात तसं."

तिने दोन बोटांत सांधा धरला. दोऱ्याचं एक टोक दातात पकडून त्याने वेढे दिले.

"जगेल?"

"पंधरा दिवसांनी विचार. आत्ता तोंड धू, जा."

ती गेली नाही. उरलेले दोन गुबगुबीत कोंब तिने एकेक करून उपटले आणि दादाच्या पायाशी टाकले.