लाखेनं अडवलेला थेंब

मी रॉकेलचा एक थेंब बोलतोय. माझं वय विचारू नका, कोटींत जातं!

दूर बाकूजवळ समुद्राच्या तळाशी बारीक जीव मेले, गाळाखाली दबले, शिजले आणि मी झालो. जन्मापासून मला वर पळायची खोड. दगडांच्या फटींतून चढत गेलो, तर डोक्यावर चिकणमातीच्या घट्ट खडकाचं झाकण! जमिनीनं कूस बदलली तेव्हा खडकांना कमानीसारखी घडी पडली होती. त्या कमानीखाली आम्ही कोंडलो.

शेजारच्या कमानीत जमीन जरा जास्तच हलली आणि झाकण तडकलं. तिथली मंडळी नाचत समुद्रात पळाली, बुडबुडे होऊन संपली. कुणाच्या कामी आली नाहीत, पण मला मेला त्यांचाच हेवा!

पुढे माणसांनी समुद्रात भर घालून विहीर पाडली, मला उपसलं, उकळलं आणि डब्यात भरलं. जहाज, रेल्वे करत १९३० साली मी गोंदियाला नंदलालच्या दुकानात पोचलो. सालेकशाकडचा बिसराम पळसाची लाख विकायला आला होता, त्यानं मला घेतलं.

नंदलाल हसला. "अरे, तू तो टेंभा जलाता है. मिट्टी का तेल काहे को?"

"मायले कचारगडच्या गुहेत देव दाखवाले न्याचा हाये. टेंभ्याच्या धुरानं मोहोळ उठते. मायचे डोरे चालले, पुढच्या साली तिले दिसन का नाई!"

वाटेत बैलगाडी नाल्यात आपटली आणि डब्याचा सांधा उसवला. सुटलो रे सुटलो! आम्ही टपटप गळायला लागलो. बिसरामनं घाबरून भेगेवर मधाचं मेण थापलं. मेण! ते तर आम्ही सहज विरघळवतो. घर येईस्तोवर डबा जवळजवळ रिकामा झाला.

बिसरामची आई दुर्पता कडाडली, "मेन कायले लावला? लाख विकतेस अना अक्कल नाई?" तिनं चाचपडत राख चोळून सांधा कोरडा केला. चुलीपाशी लाख वितळवली आणि काडीवर आणून भेगेत भरली. मी धडका दिल्या, लाख हलेना.

मग तिनं डबा कानाशी हलवला. आतला खुळखुळाट ऐकून म्हातारी पोरीसारखी हसली. "उरला हाये रे! माज्यापुरता उरला हाये!"

मला फार लाज वाटली. इतक्या वर्षांत कुणी माझ्या उरण्याचा आनंद केला नव्हता.

आज भरदुपारी आम्ही गुहेच्या पोटात आहोत. मधमाश्या शांत आहेत. कंदिलात मी तळाला लागलोय. बिसराम वात खाली करतोय. "तेल सरून राहिला, माय."

"राहू दे. मोठी कर," दुर्पता म्हणते. "मी पाहून राहिली."

मोठी कर रे बिसराम! आलो, म्हातारे, सगळाच्या सगळा आलो. पोटभर पाहून घे!