पंचवीस फुटांची शर्यत

पीटीच्या बाई शाळेत कडक होत्या आणि आजारपणात त्याहून कडक. मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. या आजारात शरीर आपल्याच नसांवरचं वेष्टण कुरतडतं आणि मेंदूचा हुकूम पायापर्यंत धड पोचत नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ, बोलणार कुणाला? दर सहा महिन्यांनी दवाखान्यात जाऊन चालून दाखवावं लागे. फरशीवर चिकटवलेल्या दोन पट्ट्या, मधे पंचवीस फूट आणि फिजिओताईंच्या हातात स्टॉपवॉच.

आता स्टॉपवॉच दिसल्यावर बाई कुठल्या ऐकायला! आधीचे दोन दिवस त्या पलंगावरून हलत नसत. अंग तापलं की पाय जड होतात म्हणून त्या सकाळी थंडगार पाण्याने अंघोळ करत. मग पंचवीस फूट अशा कापत की बघत राहावं. डॉक्टर खूश! "पाय छान टिकलेत. औषध तेच चालू ठेवू." घरी आल्यावर चार दिवस बाई भिंत धरधरून बाथरूमपर्यंत जात, पण तिथे मोजायला कोण होतं?

"अगं, तू फसवतेस कुणाला?" नवरा कुरकुरायचा.

"पहिला नंबर आला तरी तुमचं तोंड वाकडंच!"

यंदाही सहा सेकंदांत पट्टी ओलांडून बाई ऐटीत बसल्या. डॉक्टर जुनंच औषध लिहायला लागले आणि नवऱ्याचा बांध फुटला. "साहेब, ही दोन दिवस झोपून आलीय. घरी हिला स्वयंपाकघर गाठवत नाही!"

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पळालाच असता. डॉक्टर म्हणाले, "मग आज सहा मिनिटं चालून बघू."

पहिलं मिनिट बाई परेडला निघाल्यासारख्या चालल्या. तिसऱ्या मिनिटाला डाव्या पायाचं बोट फरशीला घासायला लागलं. "थांबायचं?" फिजिओताईंनी विचारलं. "छे!" म्हणत बाईंनी आणखी दहा पावलं रेटली, भिंत धरली आणि तिथेच खाली बसल्या. शाळेत कुणी कधी पाहिलं नव्हतं, तशा त्या हमसून हमसून रडल्या.

"असं कधीपासून होतंय?" डॉक्टर शेजारी उकिडवे बसले.

"दीड वर्ष झालं."

डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच कळलं असतं, तर तेव्हाच औषध बदललं असतं. आता बदलतो. आहे ते राखायचा प्रयत्न करू. गेलं ते परत येईलच असं नाही."

दीड वर्षात बाईंनी तीन वेळा शर्यत जिंकली होती, आणि तिन्ही वेळा हरलं कोण? नवरा म्हणाला, "मीच आधी बोलायला हवं होतं." एरवी त्या फटकन काहीतरी बोलल्या असत्या. आज त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याच्या आधाराने उठल्या.

फिजिओताईंनी डायरी उघडली. "महिन्याने परत मोजू. बावीस तारीख चालेल?"

"तारीख सांगू नका, ताई," बाई म्हणाल्या. "आदल्या दिवशीसुद्धा नको. सकाळी फोन करा, मी तशीच निघून येईन. मला माझाच भरवसा नाही."