लिंबाच्या वडीचा शेवटचा तुकडा

अख्खी

आमच्या गावात शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. ट्रेमध्ये एकच वडी उरली की तिच्यापाशी आलेला माणूस सुरी घेतो, अर्धी नेतो, अर्धी ठेवतो. पुढचा त्या अर्धीची अर्धी करतो. शेवटी नखाएवढा चुरा उरतो आणि ट्रे माझ्याकडे घासायला येतो. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर माझ्या, म्हणजे लव्हॉनच्या, ताब्यात आहे, त्यामुळे मिनेसोटाच्या या कोपऱ्यातल्या सभ्यतेचं माप मला नखाइतकं अचूक माहीत आहे.

आर्लन आणि मारित टॉलेफसन माझे शेजारी. आमच्यामध्ये फक्त रस्ता, आणि हिवाळ्यात तोही दिसत नाही. मारित दातांच्या दवाखान्यात काम करते, लोकांचे दात खरवडून साफ करून देते. दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यात वाकून बघणाऱ्या बाईला साखरेबद्दल प्रेम कुठून असणार? आर्लन धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसतो. त्याचं म्हणणं असं, की पोरीच्या पोटातही एक काटा असतो, भरलं की तो थांबतो, आपण फक्त मध्ये हात घालायचा नाही.

पोरगी आठ वर्षांची. नाव सिग्नी.

सिग्नीचं ताट आई वाढते. आई वळली की बाबा त्यात भर घालतो. बाबा मीठ आणायला उठला की आई ती भर काढून घेते. खिम्याचा एकच गोळा एका जेवणात तीन ताटं फिरून आलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. सिग्नी तो गेला की निरोप द्यायची आणि आला की खायची.

बरं, दोघं भांडतील तर शपथ. आर्लनने काही सुचवलं की मारित म्हणते, “असंही करता येईल.” आमच्याकडे याचा अर्थ, माझ्या अंगात जीव असेपर्यंत नाही. त्यावर आर्लन म्हणतो, “बरं.” त्याचाही अर्थ तोच. एवढं झालं की दोघं खिडकीबाहेर बघून हवेबद्दल बोलतात. गेल्या वर्षी त्यांच्यात हवेबद्दल फार बोलणं झालं.

आर्लनला लहानपणी ताट चाटूनपुसून स्वच्छ केल्याशिवाय उठू देत नसत. बिटाच्या फोडी समोर ठेवून तो अंधार पडेपर्यंत बसलेला आहे. म्हणून पोरीवर जबरदस्ती नको म्हणतो. स्वतः मात्र आजही ताटात शीत राहिलं तर अस्वस्थ होतो आणि बायकोचंही ताट पुसून खातो. मारितच्या माहेरी बिस्किटांची बरणी कायम उघडी असायची. हसली की मागच्या किडक्या दाढांत भरलेली चांदी दिसते, म्हणून ती कमी हसते. आता अशा दोघांनी एक पोर वाढवायची म्हटल्यावर ताटाचा आखाडा होणारच.

चर्चच्या शरदातल्या मोठ्या जेवणाच्या आदल्या दिवशी आम्ही तळघरात बटाटे सोलत होतो. सिग्नी सालं गोळा करत होती. मध्येच ती उभी राहिली आणि म्हणाली, उद्या माझं ताट मी वाढून घेणार.

तिच्या रविवारच्या वर्गातली सगळी मुलं आपापलं ताट घेऊन रांगेत उभी राहतात. ही आईबाबांच्या मध्ये. मुलं तिला विचारतात, आज लाळेरं घरी विसरलीस का? हे सांगताना ती रडली नाही. सालं मात्र फार नीट एकावर एक रचत राहिली.

आर्लन म्हणाला, घेऊ दे की. मारित म्हणाली, “असंही करता येईल.” आर्लनने खिडकी शोधली, पण तळघराला खिडकी नाही.

मग मीच मध्ये पडले. एका जेवणापुरतं बघा, म्हटलं. ती वाढून घेईल, तुम्ही दोघं तोंड मिटून बसा. मारितने अट घातली, गोड एकच. आर्लनने घातली, कुठं थांबायचं ते तिचं तिनं ठरवायचं. हे जमलं नाही तर पंधरा वर्षांची होईपर्यंत ताट आई वाढणार.

“आणि जेवताना माझ्या ताटाबद्दल जो बोलेल तो हरला,” सिग्नी म्हणाली. “मग ताट कायमचं माझं.”

तिने दोघांशी हात मिळवले. हाताला बटाट्याचं पाणी होतं. मारितने तिच्यासमोर हात पुसला नाही, याची मी मनात नोंद घेतली.

अर्धी

दुसऱ्या दिवशी सिग्नी रांगेत सगळ्यांना “आधी तुम्ही” म्हणत राहिली आणि जवळजवळ शेवटी पोचली. खिम्याचे गोळे घेतले, कुस्करलेले बटाटे घेतले, चक्क फरसबी घेतली. मारितच्या भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या. सिग्नी शांतपणे जेवली. फरसबीच्या थोड्या शेंगा तिने तशाच ठेवल्या. आर्लनचा काटा टेबलावरून तिच्या ताटाच्या दिशेने सरकला, मध्येच थांबला आणि परत आला. बिचारा पाणी प्यायला.

मग ती गोडाच्या टेबलाकडे गेली.

तिथे पंधरा-वीस ट्रे, आणि माझ्या लिंबाच्या वड्यांच्या ट्रेमध्ये नेमकी एक उरलेली. सिग्नी तिच्यासमोर हात मागे बांधून उभी राहिली. हलेचना.

टॉलेफसन दांपत्य तिच्या पाठीकडे बघत होतं. पाठीवरून काय कळणार? पुढे ती एक खातेय की दहा? शेवटी मारित उठली. पण आमच्याकडे गोडाच्या टेबलाशी नुसतं जाऊन परत येता येत नाही. लोक लगेच विचारतात, काय झालं, आवडलं नाही का? म्हणून मारितने सुरी घेतली, लिंबाची वडी अर्धी कापली, खाल्ली आणि परत येऊन नवऱ्याच्या कानाला लागली. अजून नुसती उभीच आहे म्हणे.

आर्लनला ते पटलं नाही. तो स्वतः बघायला गेला. जाताना मोकळ्या हाताने गेला, येताना अर्धीची अर्धी घेऊन आला.

मग मारितला एकाएकी कॉफी हवी झाली. कॉफीची किटली दुसऱ्या टोकाला आहे, पण ती गेली गोडाच्या टेबलावरूनच. तिच्यामागून आर्लन हात पुसायला कागद आणायला गेला. कागद त्याच्यासमोरच होते. दर वेळी ट्रेमधली वडी निम्मी होत गेली. दर वेळी सिग्नी सभ्यपणे बाजूला सरकून त्यांना वाट द्यायची आणि पुन्हा तिथेच उभी राहायची. मी स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होते. हातातली बशी केव्हाच कोरडी झाली होती, तरी पुसत होते.

पाव

शेवटी सिग्नी परत आली. बशीत लिंबाच्या वडीचा तुकडा. तुकडा कसला, कपटा.

दोघांनी बशीकडे पाहिलं. आर्लनचा जबडा हलला. मारितने ओठ आत घेतले. आणि मग एकाच क्षणी,

“एवढंच?” आर्लन म्हणाला.

“अगं, अजून घे ना काहीतरी,” मारित म्हणाली.

मारित. गोड घे म्हणणारी मारित. तिचा स्वतःवरच विश्वास बसेना, तिने हात तोंडावर नेला.

सिग्नीने कपटा तोंडात टाकला, सावकाश चघळला, गिळला.

“बोललात,” ती म्हणाली. “दोघंही.”

हवेबद्दल बोलायला कुणालाच सुचलं नाही.

“मला लिंबाचीच हवी होती. अख्खी. पण शेवटची अख्खी कशी घेणार? आणि अर्धी घेतली असती तर तेच माझं एक गोड झालं असतं. म्हणून म्हटलं, लव्हॉन मावशी दुसरा ट्रे आणतील, थांबू या. तर तुम्ही दोघं आलटून पालटून येऊन खातच सुटलात.” मग जरा आवाज खाली करून, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून, “आई, हनुवटीला पिठीसाखर लागलीय.”

नवटाक

भांडी घासणाऱ्यांसाठी मी एक ट्रे आत लपवलेला असतो. त्यातली अख्खी वडी बशीत घेऊन मी बाहेर आले.

“घे गं,” म्हटलं.

“नको मावशी, पोट भरलं.”

“घे की.”

“नको, खरंच.”

आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही. मी मुद्दाम थांबले. मारित माझ्या तोंडाकडे बघत होती, आर्लन बशीकडे. आता बोलण्याची सोय नव्हती.

“घेतलीस तर मला बरं वाटेल,” मी म्हटलं.

“तुम्ही एवढं म्हणताय तर,” सिग्नी म्हणाली. वडी कापली, अर्धी खाल्ली, बशी पुढे सरकवली आणि लाळेरं विचारणाऱ्या मुलांकडे खेळायला पळाली.

छटाक

उरलेली अर्धी दोघांच्या मध्ये. आर्लनने सुरी उचलली. मग सुरी मारितकडे गेली. मग परत.

बशी माझ्याकडे घासायला आली तेव्हा तिच्यात नखाएवढा चुरा होता. दोघांनी तो एकमेकांसाठी ठेवला होता.